आवाज उठेपर्यंत

रंगराव चौगुले सकाळी अंथरुणावर उठून बसले, सवयीनं चहाची हाक द्यायला गेले, आणि त्यांच्या कमरेच्या पेटीतून भलताच कुणीतरी माणूस बोलला. आवाज मऊ, गुळगुळीत, विमानतळावर सूचना देतात तसला.

"कृपया मला चहा मिळेल का?"

स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोच्या हातातलं पातेलं खाली आलं. "अगं बया बया! लगीन झाल्यापासनं पहिल्यांदा कृपया म्हणालं हे माणूस!"

रंगरावांचा पारा चढला. त्यांना म्हणायचं होतं, 'आरं हे कोण बोलतंय माझ्या पोटातनं?' पेटी म्हणाली, "मला बरे वाटत नाही. कृपया डॉक्टरांना बोलवा." मग त्यांनी एक अस्सल कोल्हापुरी शिवी हासडली. पेटी म्हणाली, "धन्यवाद." आता मात्र त्यांनी उशी भिंतीवर फेकली.

सून हर्षदा ओले केस तसेच घेऊन पळत आली. तिनं पेटीचा चिमुकला पडदा बघितला. त्यावर चारच शब्द होते: हार्ड डिस्क आढळली नाही.

"मामा, एक मिनिट गप्प बसा. बंद करून परत चालू करते."

पेटी बंद झाली, चालू झाली, आणि घरात ओळखीचा, खरखरीत, दहा गावांनी ऐकलेला आवाज दणाणला. "आयला! आलो एकदाचा माणसात!" पाठोपाठ मघाची शिवीही अख्खीच्या अख्खी आली. दारातली मांजर उठून गेली.

रंगराव म्हणजे कोण, हे भोगाववाडीत विचारलंत तर लोक तुमच्याकडे कीव येऊन बघतील. वारणेपासून जतपर्यंत कुस्तीचं मोठं मैदान भरलं की निवेदनाला रंगरावच हवेत. पैलवान लांग चढवत असतानाच हा माणूस त्याची तालीम, त्याचा वस्ताद, त्यानं गेल्या खेपेला कोणत्या डावावर कुणाला अस्मान दाखवलं, सगळं घडाघडा सांगायचा. मागच्या रांगेत शेंगा फोडत बसलेल्यांना डोळे मिटूनही कुस्ती दिसायची. आणि मग मेंदूत रक्ताची एक गुठळी आली आणि जीभ जागच्या जागी मेली. डोकं शाबूत, कान शाबूत, डाव सगळे पाठ, आणि तोंडातून नुसता घरघर आवाज. दोन वर्षं त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

त्यांना पुन्हा बोलतं केलं ते या यंत्रानं. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदूतून जीभ, ओठ, घसा यांना हुकूम सुटतात. रंगरावांचे हुकूम सुटत होते, पण पोचत नव्हते. मधली वाटच तुटली होती. डॉक्टरांनी मेंदूवर नखाएवढी जाळी बसवली. ती हुकूम वरच्या वर ऐकायची आणि कमरेच्या पेटीला कळवायची, पेटी त्याचे शब्द करायची. पण गंमत अशी, की 'पट काढला' म्हणताना तुमच्या मेंदूत जे होतं ते माझ्या मेंदूत होत नाही. ज्याची त्याची खूण वेगळी. रंगरावांच्या खुणा शिकायला यंत्राला वर्ष लागलं. जुन्या मैदानांच्या चित्रफिती धुंडाळून त्यांचा आवाज गोळा करायला हर्षदाला दुसरं. हे सगळं शिकलेलं पेटीतल्या एका हार्ड डिस्कवर साठवलेलं होतं. ती सापडली नाही की यंत्र कारखान्यातून आलं तसं कोरं. ठरावीक पाच-पन्नास सभ्य वाक्यं, सभ्य आवाज, बाकी अंदाजपंचे.

आणि नेमकी हीच वेळ! यात्रेचं मैदान तोंडावर आलेलं. दोन वर्षांनी रंगराव पुन्हा बोलणार म्हणून गावात फलक लागलेले. समितीनं वर एक तरुण निवेदकही सांगून ठेवला होता, 'आपलं असू द्या, अडीअडचणीला'. ते कळल्यापासून रंगराव आतल्या आत धुमसत होते. चहा पिता पिता ते सुनेला म्हणाले, "भर मैदानात त्यो गुळमुळ्या बाबा बोलला तर लोक पोट धरून हसतील. मग मी परत कदी मैदानात दिसायचा न्हाई. बघ काय करतीस ती."

"करते मामा. माझं कामच आहे ते."

खरंच होतं ते. इचलकरंजीत असल्या यंत्रांच्या दुरुस्तीचं अधिकृत केंद्र हर्षदा एकटी चालवायची. कुणाचा यंत्राचा हात, कुणाचा यंत्राचा कान. नवरा संग्राम फौजेत, सीमेवर. सासऱ्याच्या मेंदूत यंत्र घालायचं म्हटल्यावर भावकीनं नाकं मुरडली होती, तेव्हा ती एकटी ठाम उभी राहिली होती. म्हणून ही डिस्क तिच्या जिव्हारी लागली.

दुखणं कधी होतं, तर यंत्र झोपेतून उठताना. मालक बराच वेळ काही बोलला नाही की वीज वाचवायला पेटी आपोआप झोपायची, आणि तो बोलू लागला की जागी व्हायची. कधी डिस्क सापडायची, कधी नाही. हर्षदानं तार बदलली. डिस्क काढून दुसऱ्या खाचेत बसवली. यंत्राचं आतलं सगळं लिखाण नव्यानं भरलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा "कृपया मला चहा मिळेल का?"

"असू दे की," आत्ती, म्हणजे तिच्या सासूबाई, पदराआड हसत म्हणाल्या. "सकाळचं तेवढं गोड बोललं तर काय बिघडतंय? दुपारनं मूळ पदावर येत्यातच."

हर्षदाला हसू आलं, पण डोकं चालेना. शेवटी तिनं सरळ उपाय केला. झोपेतून उठताना डिस्क हरवते ना? मग झोपायचंच नाही. तिनं पेटीची झोपच बंद करून टाकली. दिवसभर रंगराव आपल्या आवाजात गावभर बोलत सुटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी समितीची माणसं निमंत्रण द्यायला आली. पुढं आप्पा मगदूम वस्ताद. रंगराव जेवून सोप्यात आडवे झाले होते, डोळा लागला होता. आत्ती म्हणाल्या, बसा, उठवते. तेवढ्यात पेटी बोलायला लागली. रंगराव झोपेतच होते, पण जाळी जागी होती. स्वप्नात सुटलेला हुकूमही हुकूमच.

"नगं... मला भ्या वाटतंय, आप्पा. लोक हसतील. मला जमायचं न्हाई आता... तुमी त्या पोराला सांगा..."

आप्पा वस्तादांनी मान खाली घातली. आपल्याच आवाजानं रंगराव जागे झाले, त्यांनी समोरची तोंडं बघितली आणि काय झालं ते त्यांना उमगलं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या छातीत हिंमत भरली त्याचं भय असं चव्हाट्यावर आलं. माणसं चहा न घेता गेली.

रंगरावांनी पेटी कमरेची सोडली आणि सुनेच्या पुढ्यात ठेवली. आधी म्हणाले, शांतपणे म्हणाले, हेच वाईट होतं: "बोलायला येणं म्हंजे निम्मं काम, पोरी. गप बसायला यावं लागतंय. ते बी माझ्या हातात न्हाई ठेवलंस तू." मग डोक्याकडे जाणारी तार काढली.

हर्षदाला रडू आलं आणि रागही आला, सासऱ्यांचा नव्हे, यंत्राचा. तिनं पेटीची झोप पुन्हा सुरू केली आणि पेटी सासऱ्यांना परत दिली. उपाय चुकला होता हे तिला पटलं होतं. ज्याला झोपता येत नाही ते यंत्र माणसाच्या अंगावर नकोच.

मूळ सापडलं ते पाणी प्यायला गेल्यावर. सकाळी लवकर ती माठाशी गेली, तर तिवईखाली, ओल्या फडक्यावर, पेटी झोपलेली!

"आत्ती! ही इथं कशी?"

"मीच ठेवती की रोज," आत्ती निरागसपणे म्हणाल्या. "दिसभर तापती बिचारी. रातीत जरा गारव्याला नगं का? सकाळी हे उठायच्या आत कमरंला बांधती परत."

हर्षदा पेटीला हात लावून तशीच उभी राहिली. पेटी गारठगार होती. आणि एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला. सकाळी बिघडतं, दुपारी नाही. उन्हात नाही, पहाटे हमखास. तिनं सासूबाईंना मिठीच मारली. आत्तींना वाटलं, पोरगीचं डोकं फिरलं.

हल्लीच्या हार्ड डिस्क पूर्वीसारख्या फिरत नाहीत. काचेच्या चकतीत लेझरनं टिंबं कोरलेली असतात. वीज गेली, पाणी पडलं, काही होत नाही. नखरा एकच: ठरावीक ऊब आल्याशिवाय लेझर नीट वाचत नाही. गार असली तर ऊब यायला वेळ लागतो. यंत्र मात्र डोळे उघडल्या उघडल्या हजेरी घेतं. पडदा? हजर. जाळी? हजर. डिस्क? डिस्क अजून अंग झटकतेय, उत्तर येत नाही. लागलीच गैरहजर! पाठोपाठ ती जागी झाली तरी उपयोग नाही. एकदा दार लावलं की पुढच्या झोपेपर्यंत यंत्र तिच्याकडे ढुंकून बघत नाही. डिस्क चांगली होती, तारही चांगली होती. तिला उठायला वेळ दिला जात नव्हता, इतकंच.

पेटी माठाखालून हलवून सकाळचं दुखणं थांबलं असतं. पण मैदान होतं थंडीतलं, नदीकाठचं, संध्याकाळी गार वारं सुटणारं.

तिनं कंपनीच्या वैदेहीला फोन लावला. हे यंत्र ज्यांनी बनवलं त्यांच्यातली ही एक, हुशार आणि सरळ बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या प्रयोगशाळेत कायम एकच तापमान असतं गं, आम्हाला हे कधी दिसलंच नाही. थांबण्याचा वेळ वाढवता येतो. आधी जास्तच होता. आम्हीच कमी केला."

"का?"

"एका आजींच्या छातीत कळ आली. यंत्र जागं होऊन डिस्कची वाट बघत बसलं, त्यांना हाक मारता येईना. त्या वाचल्या, पण आम्ही घाबरलो. म्हणून ठरवलं, आवाज कुणाचाही असो, पण लगेच यायला हवा. तू वेळ वाढवलास तर तेवढा वेळ तुझे सासरे मुके असतील. पूर्ण मुके. ही जोखीम त्यांची त्यांनी पत्करायची. त्यांनी हो म्हटलं तर तो वेळ बदलायचं कुलूप मी उघडते."

आता हे काही दुरुस्तीचं काम उरलं नव्हतं. हर्षदानं रंगरावांसमोर बसून सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"किती येळ?" रंगरावांनी विचारलं.

"चार-पाच श्वास. थंडीत जरा जास्त. मैदानात आणखी एक उपाय आहे, मामा. सलामी झाल्यावर तुम्ही माइक खाली करता आणि पकड होईपर्यंत शब्द बोलत नाही. तेवढ्यातच पेटी झोपते. मधनंमधनं काही ना काही बोलत राहिलात तर झोपणारच नाही ती."

रंगरावांनी तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिनं देवळात चप्पल घालून यायला सांगितलं होतं. "सलामी झाल्यावर पैलवान एकमेकांचा अंदाज घेत असत्यात. तवा जो बोलतो त्यो निवेदक न्हवं, कर्णा. माझ्या वस्तादानं शिकीवलंय मला. ते मी सोडायचो न्हाई."

"मग थांबावं लागेल."

"थांबू की." त्यांनी पेटीवर थाप मारली. "दुसऱ्याच्या तोंडानं लगीच बोलण्यापरीस माझ्या तोंडानं दमानं बोलीन. उघड कुलूपबिलूप काय असंल ते."

"आणि रातीत छातीत कळ आली तर?" आत्तींनी विचारलं. चेष्टा कुठच्या कुठं गेली होती. "हाक कशी मारायची मला?"

"तू काय परगावी झोपतीस व्हय?"

आत्तींनी पदर डोळ्याला लावला. "न्हाई. मला तुमचा नुसता श्वास बदलला तरी जाग येती."

"मग? झालं तर!" रंगराव म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा घरात सगळे मोकळे हसले. हर्षदानं तरी पलंगाच्या कडेला एक घंटीचं बटण बसवलंच. दुरुस्तीवाली बाई ती, नुसत्या भरवशावर कशी राहील?

मैदान भरलं. नदीकाठचा उतार माणसांनी फुलून गेला. लाल माती पाणी मारून, उकरून, लोण्यासारखी मऊ केलेली. हलगी कडाडत होती. दुपारी लहान जोड्या लागल्या आणि रंगरावांचा आवाज कर्ण्यातून सुटला तेव्हा लोकांनी शिट्ट्यांनी रान उठवलं. "आलं आपलं म्हातारं!" कुणीतरी ओरडलं. "म्हातारा तुजा बाप!" रंगरावांनी जागच्या जागी परतफेड केली, आणि हशा उसळला. व्यासपीठाच्या खाली, कडेला, हर्षदा पेटीच्या दिव्यावर डोळे लावून उभी होती. दिवा हिरवा म्हणजे जागी.

दिवस कलला. शेवटची, मोठी जोड पुकारली गेली. मिरजेचा इस्माईल आणि वाळव्याचा धैर्यशील, दोघंही डोंगरासारखे. रंगरावांनी दोघांच्या वस्तादांची नावं घेतली, तालमींची नावं घेतली. सलामी झडली. आणि त्यांनी माइक खाली केला.

मैदान चिडीचूप. दोघं पैलवान एकमेकांभोवती फिरत राहिले, बोटांना बोटं लावून बघत राहिले. कुणी घाई करेना. नदीवरून बोचरं वारं आलं. हर्षदाच्या डोळ्यादेखत हिरवा दिवा पिवळा झाला. पेटी झोपली.

आणि त्याच क्षणी धैर्यशीलनं झेप घेतली! पायाला हात घातला. रंगरावांनी माइक उचलला.

काही नाही.

एक श्वास. दोन श्वास. मैदानातली डोकी कुस्तीवरून व्यासपीठाकडे वळायला लागली. शेजारी बसलेल्या तरुण निवेदकानं घाईनं हात पुढं केला. रंगरावांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी फक्त मोकळा पंजा वर केला, सगळ्या मैदानाला दिसेल असा. थांबा, असा. चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. हर्षदाचे डोळे पिवळ्या दिव्यावर खिळले. ऊठ गं बाई, ती डिस्कला मनात म्हणाली, ऊठ. लोकांनी कधी असं ऐकलं नव्हतं. पैलवान मातीत गुंतलेले, निवेदक उभा, आणि सगळ्यांचे श्वास रोखलेले.

दिवा हिरवा झाला.

"एकेरी पट!" कर्णा फाटेल असा आवाज आला. "वाळव्याच्या पठ्ठ्यानं पट काढलाय! पर मिरजेचा वाघ उगं मिरजेचा न्हाई! बघा, बघा, कंबर सोडवली, पाय रोवला... आता कसं करतोय, आता कसं करतोय... ढाक! ढाक लावली! आभाळ बघितलं बघा धैर्यशीलनं!"

मैदान कोसळलं. फेटे उडाले. लोकांनी इस्माईलला उचललं, मग धैर्यशीलला पण उचललं, आणि मग कुणीतरी ओरडलं, "आणि रंगरावास्नी?" त्या मधल्या शांततेनं कुस्तीला काय रंग चढला होता! बापे माणसं डोळे पुसत होती. हर्षदाच्या छातीत अभिमान दाटून आला. तो आवाज तिनं जुन्या चित्रफितींतून दाणा दाणा वेचला होता. त्याला तिनं गारठ्यातून उठवलं होतं. आणि तो आज कुणाच्याही मेहेरबानीवर नव्हता.

आप्पा वस्ताद रंगरावांसाठी मानाचा फेटा घेऊन व्यासपीठावर आले. रंगरावांनी त्यांचा हात धरला.

"थांबा, वस्ताद. जितल्यालं कोण ते सगळ्यांनी बघितलं. मघाशी मी गप हुतो तवा माझा आवाज कुठं हुता, आणि त्येला उठायला कुणी शिकीवलं, ते बी बघू द्या लोकास्नी. इचलकरंजीला यंत्रं दुरुस्त करती. माझी सून. हर्षदा संग्राम चौगुले! ये पोरी, मैदानात ये."

हर्षदानं मानेनंच नको म्हटलं. आत्तींनी मागून तिला ढकललंच. तिनं चपला काढल्या आणि लाल मातीत पाऊल टाकलं. आप्पा वस्तादांनी स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावर फेटा चढवला. रंगराव खाली उतरले आणि त्यांनी माइक तिच्या हातात दिला.

तिनं माइक तोंडाजवळ नेला. समोर ही एवढी माणसं. सांगायचं तर केवढं होतं, माठाचं, काचेचं, आत्तींच्या ओल्या फडक्याचं. पण सुरुवात कुठून करावी ते कळेना आणि एक अक्षर फुटेना.

लांबून कुणीतरी शिट्टी मारली. "वैनीचीबी पेटी बंद पडली वाटतं!" हशा पिकला.

रंगराव माइकवर झुकले.

"ए, गप बसा रं! माझी सून बोलायची हाय. घाई कुणाला असंल त्यानं घरी जावं."

आणि ते अख्खं मैदान, हलगीवाल्यासकट, तिच्यासाठी थांबलं.